फाशांना भविष्य विचारायचं, पण कुठपर्यंत?

मी बोलतोय डिंगोऱ्यातून, घराच्या ओट्यावरून. मागे कुत्री भुंकली तर समजून घ्या, बिबट्याच्या पट्ट्यात राहतो आपण.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये भविष्य सांगणारी जादू आली की डीएमची पंचाईत होते, तिचं करायचं काय? खेळाडू म्हणतो, "देवाला विचारतो, पुढे काय होणार?" आणि आपल्यालाच माहीत नसतं पुढे काय होणार! तर आज तेच. शेवटी एक स्वतःची चूक पण सांगणार आहे, तेव्हा थांबा.

आधी नियम. मी 2014 च्या पुस्तकाप्रमाणे सांगतोय. सगळ्यात पहिली भेटणारी जादू म्हणजे ऑगरी, दुसऱ्या पातळीची. काड्या नाहीतर हाडं टाकायची आणि विचारायचं, "आम्ही पुढच्या अर्ध्या तासात अमुक करणार आहोत, कसं होईल?" उत्तरं फक्त चार: भलं, बुरं, दोन्ही, किंवा काहीच विशेष नाही. बास.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? कोकणात देवाला कौल लावतात, तसंच आहे हे. मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तिथं पण प्रश्न नेमका लागतो. "माझं कसं होईल?" असं विचारलं तर पाकळी काय सांगणार?

चौथ्या पातळीला डिव्हिनेशन नावाचीच जादू येते. तिला 25 सोन्याच्या नाण्यांचा धूप आणि नैवेद्य लागतो, आणि तो खर्ची पडतो. सात दिवसांतल्या गोष्टीबद्दल एक प्रश्न. उत्तर खरंच असतं, पण एखादं वाक्य, कोडं किंवा शकुन अशा रूपात. पाचव्या पातळीला कम्यून. तिथं तीन प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येतील असे.

आता गंमत बघा. ऑगरी पुन्हा पुन्हा वापरली तर ती बिघडते. नीट झोप घेण्याआधी दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तर भलतंच यायची शक्यता 25 टक्के, तिसऱ्यांदा 50, चौथ्यांदा 75. आणि तो फासा डीएम गुपचूप टाकतो. म्हणजे खेळाडूला कळतच नाही की आत्ता मिळालेलं उत्तर खरं की उगाच. मनासारखं उत्तर येईपर्यंत विचारत बसणाऱ्याला नियमानंच लगाम घातलाय.

आता मी टेबलावर कसं करतो ते सांगतो. आमची मोहीम नाणेघाटात चालते. सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट, वर दगडी रांजण, जकातीचे म्हणून सांगतात ते. माझे खेळाडू म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याचे राखणदार. एकीनं विचारलं, "आम्ही रात्रीच घाट उतरलो तर?"

पहिलं काम, मी उलट विचारतो: "कसे उतरणार? मशाली लावून की अंधारात? बैल बरोबर की वर सोडून?" बेत नेमका झाला की निम्मं काम संपलं.

दुसरं, आत्ता माझ्या वहीत जे आहे त्यावरूनच उत्तर देतो. खाली दरोडेखोर दबा धरून बसलेत हे मी आधीच लिहिलंय. त्यांनी बांधून ठेवलेला माणूस पुढे मदत करणार, हेही लिहिलंय. मग उत्तर "दोन्ही". खोटं बोलायचं नाही. खेळाडूनं जादू खर्च केलीय, तिला किंमत द्यायची.

तिसरं, ऐकल्यावर त्यांनी बेत बदलला तर तो कौल संपला. मध्येच परिस्थिती बदलली तर त्याचा हिशेब ऑगरी धरत नाही, असं नियमातच आहे.

आणि शकुन द्यायचा तर आपल्याकडचा द्या. कावळे, घुबडं आणि धुकं किती दिवस चालवणार? पाल चुकचुकली म्हणा. टिटवीनं अंडी उंचावर घातलीत म्हणा. पंचांगात पावसाच्या नक्षत्राला वाहन असतं, बेडूक, म्हैस, गाढव. "या वेळी नक्षत्र गाढवावर बसून आलंय" एवढं म्हटलं की आमचं टेबल गप्प होतं.

आता चूक.

मे महिन्यात खेळ संपल्यावर सगळे गेले, चुलतभाऊ मागे थांबला. माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याचा कांदा बराखीत होता. भाव पडलेला. हातात माझा वीस बाजूंचा फासा खेळवत तो हसत म्हणाला, "टाक की एक ऑगरी. ओतूरच्या मार्केटला नेऊ का ठेवू?"

मी पण हसत टाकला. 17 आला. मी म्हणालो, "भलं! ठेव दादा."

त्यानं ठेवला. पावसाळ्यात ओल शिरली, बराच कांदा सडला, उरलेल्याला कोंब आले. निवडताना मी पण बसलो होतो, तो वास अजून नाकात आहे. दादा म्हणतो, "तुझ्या फाशामुळं नाही रे, मी तसाही ठेवणारच होतो." असेल. पण त्या रात्री त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि मी त्याला आकडा दिला. त्याचं मला वाईट वाटतं.

नंतर विचार केला, खेळात ऑगरी चालते का? कारण पडद्यामागे मी बसलेलो असतो. दरोडेखोर कुठे आहेत ते मला माहीत असतं. कांद्याच्या पडद्यामागे वही घेऊन कुणीच बसलेलं नाही. तिथं 17 म्हणजे नुसता 17.

पण ऑगरीतली एक गोष्ट बाहेर पण चालते, ती म्हणजे नेमका प्रश्न. या वर्षी दादा परत आला तेव्हा फासा पिशवीतच ठेवला आणि डीएमसारखं विचारलं. बराखीला हवा लागते का? यातला टिकणारा कांदा किती? पैसे कधी लागणार आहेत? तासभर बसलो. ओला आणि जाड मानेचा आधी विकायचा, चांगला वाळलेला ठेवायचा, असं ठरलं. भाव काय येईल ते दोघांनाही माहीत नाही. पण सगळा माल एका फाशावर नाही, एवढं नक्की.

चला, थांबतो. तुमच्या टेबलावर दिलेला सगळ्यात भारी शकुन मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि पुढच्या वेळी पोर्टेंट घेऊ. सकाळीच दोन फासे टाकून ठेवायचे आणि दिवसभरात हवे तिथे वापरायचे, लई डोकं लागतं त्याला. भेटू!