घड्याळाची किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



नांदेड आणि लातूरच्या आपण तीसएक जणी यंदा हैदराबादला जाऊन आलो. मोती कोणी किती घेतले याची चर्चा पुष्कळ झाली आहे, तेव्हा मी आज घड्याळांविषयी बोलते. हैदराबाद आपल्याला परके नव्हे. १९४८ पर्यंत निजामाच्या आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या कारभारात आपले जिल्हे होते. वाडवडिलांच्या वरच्या कोर्टकचेऱ्या तिकडेच.

पहिल्या दिवशी आपण सालारजंग संग्रहालय पाहिले. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान १९४९ साली वारले आणि त्यांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय १९५१ च्या डिसेंबरात त्यांच्याच दिवाण देवडीत उघडले. मुसीकाठच्या आताच्या इमारतीत ते १९६८ साली आले. फ्रान्स, इंग्लंड, स्वित्झर्लंड इथली घड्याळे तिथे आहेत, पण सारी गर्दी एका वाद्यघड्याळापुढे. तास भरला की दाढीवाला चिमुकला माणूस दार उघडून येतो, जितके वाजले तितके ठोके देतो आणि आत जातो. बाराचे ठोके ऐकायला माणसे आधीपासून जागा धरून बसतात. त्याच घड्याळात एक लोहार सेकंदासेकंदाला घण घालीत असतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहात नाही. माझ्या शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "हा आपल्यातला दिसतो!"

मला मात्र दुसऱ्या दिवशीचे घड्याळ अधिक आवडले. चौमहल्ला राजवाड्याचे काम १७५० च्या सुमारास सुरू झाले आणि पुरे व्हायला शंभरावर वर्षे लागली. खिलवत दरबारातली झुंबरे पाहून मान दुखते. प्रवेशाच्या मनोऱ्यावर एक मोठे घड्याळ आहे. सुमारे अडीचशे वर्षे ते चालते आहे, असे सांगतात. चालते म्हणजे आपोआप नव्हे. घड्याळजींच्या एका घराण्याकडे ते काम आहे, आणि दर आठवड्याला हाताने किल्ली दिली जाते. नबाबी गेली, संस्थान गेले, किल्लीचा वार चुकला नाही.

किल्ली दिली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. सेकंदाचा एक झोका घेणारा लंबक सुमारे ९९ सेंटिमीटर लांब असतो. उन्हाने धातू वाढतो, लंबक लांबतो आणि घड्याळ मागे पडते. पितळी दांडी असेल तर वीस अंश उष्णता वाढल्यावर दिवसाला सोळाएक सेकंद मागे. आपल्याकडच्या वैशाखात हे व्हायचेच. लंबकाखालची चकती किंचित वर फिरवायची, की झाले. भिंतीवर घड्याळ तिरपे असेल तर टिक आणि टक यांतले अंतर सारखे पडत नाही, आणि ते बंद पडते. हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. फोडणीचा आवाज ओळखणाऱ्या बाईला ते अवघड जाऊ नये.

आमच्या घरी किल्ली मामंजींच्या कोनाड्यात असे. टोल्यांवर उठायचे आम्ही, हात लावायचा नाही. पुष्कळ घरांत असेच होते.

हे सांगण्याचे कारण, आपल्या सभागृहातले टोल्यांचे घड्याळ. चार वर्षे ते सव्वासातावर उभे आहे, आणि ते मोडीत द्यावे असा ठराव पुढच्या बैठकीत येतो आहे. माझा त्याला विरोध आहे. लातूरच्या मैत्रिणींनी गंजगोलाईकडच्या एका वृद्ध कारागिराला ते दाखवले. कमान शाबूत आहे, नुसते तेल वाळले आहे, असे तो म्हणाला. साफसफाईचा खर्च आपल्या एका हळदीकुंकवाच्या वाणाहून कमी आहे. तबकडीवर भोके दोन आहेत: एक चालण्याचे, एक टोल्यांचे. दोन्हींना आठ दिवसांनी किल्ली लागते. ते काम शिपायावर सोडू नये, आपण पाळ्या लावाव्या.

पहिला महिना माझा धरा. दर रविवारी सकाळी दहाला मी येईन. शिकायचे असेल तिने थोडे आधी यावे, कारण स्टूल धरायला कोणीतरी लागेलच.