बीजगणिताचा ताळा

(विहारातील विद्यार्थी सत्कार व मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मी गणिताचा शिक्षक नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. दहावीला गणितात काठावर सुटलो आणि गणित नको म्हणूनच कला शाखेकडे वळलो. तरीही गेली काही वर्षे संध्याकाळी मी आपल्या विहारात मुलांना बीजगणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसवतो. त्यात जे दिसले तेच सांगणार आहे.

एका मुलीने सराव पेपरात शाब्दिक उदाहरणांची जागा कोरी सोडली होती. विचारले तर म्हणाली, "काका, आमच्या घरात कुणालाच गणित येत नाही, मला कुठून येणार?" ते ऐकून मला वाईट वाटले, कारण तिच्या वयात मीही हेच म्हणत होतो.

मित्रहो, बाबासाहेबांच्या शाळेतला प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे होते. ते बाटतील म्हणून मुले धावली आणि त्यांनी डबे बाजूला फेकले. फळ्यापर्यंत जाण्याची वाटच अशी अडवलेली होती. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. टक्केवारी काढा, ३८ सुद्धा भरत नाही. त्याच विद्यार्थ्याने पुढे १९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' हा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. आज आपल्या फळ्यामागे डबे नाहीत. मग आपणच उत्तरपत्रिका कोरी का सोडावी?

आता प्रत्यक्ष पेपराकडे वळू. २०१८ साली आलेल्या पुस्तकापासून बीजगणित म्हणजे गणित भाग १, ४० गुण आणि दोन तास. मुले घाबरतात ती 'क्ष'ला. पुस्तकात इंग्रजी अक्षर असते, मी क्ष म्हणतो. क्ष म्हणजे काय? आपले गाव श्रीरामपूर, पण रेल्वे स्टेशनावरची पाटी वर्षानुवर्षे बेलापूरची. पाटी निराळी म्हणून गाव हरवले का? तसाच क्ष. जी संख्या अजून माहीत नाही, तिच्यावर लावलेली ती पाटी.

माझ्या काउंटरवरचे उदाहरण घेऊ. ५० आणि १०० रुपयांच्या मिळून ३० नोटा आहेत, रक्कम २,१०० रुपये. प्रत्येकी किती नोटा? पहिली पायरी, मानणे: ५०च्या नोटा क्ष, १००च्या य. हे वाक्य लिहायला कंटाळू नका. दुसरी पायरी, प्रश्नातले प्रत्येक वाक्य समीकरणात उतरवणे. नोटा मिळून ३०, म्हणून क्ष + य = ३०. रक्कम २,१००, म्हणून ५०क्ष + १००य = २१००. याला ५०ने भागा, क्ष + २य = ४२. यातून पहिले समीकरण वजा करा, य = १२. म्हणून क्ष = १८. संपले? नाही. ताळा करा. १८ नोटांचे ९०० आणि १२ नोटांचे १,२००, मिळून २,१००. आता उत्तर पक्के झाले.

आता वर्गसमीकरण पाहा. गाडीला २४० किलोमीटर जायचे आहे. वेग ताशी २० किलोमीटरने वाढवला तर एक तास कमी लागतो. मूळ वेग किती? वेग क्ष मानला, तर जुन्या आणि नव्या वेळेतला फरक एक तास. सरळ रूप देता क्षचा वर्ग + २०क्ष − ४८०० = ० असे समीकरण मिळते. अवयव पाडले की उत्तरे दोन येतात, ६० आणि उणे ८०. पुष्कळ मुले दोन्ही लिहून मोकळी होतात. पण गाडीचा वेग उणे कसा असेल? म्हणून उणे ८० सोडायचे, आणि का सोडले तेही लिहायचे. ताळा: ताशी ६०ने चार तास, ताशी ८०ने तीन तास. फरक एक तास.

लक्षात ठेवा, गुण पायरीपायरीला असतात. शेवटचे उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. कोऱ्या जागेला मात्र कोणीच गुण देऊ शकत नाही.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही. साहेबांनी "जुळली" म्हणून चालत नाही, मोजावीच लागते. तथागतांनी कालामांना हेच सांगितले. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पडताळून घ्या. "आपल्याला गणित येत नाही" हेही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेले एक वाक्य आहे. त्याचाही ताळा करा. माझ्या अनुभवात तो जुळलेला नाही.

ती मुलगी पुढे बोर्डाला बसली. गुण फार पडले नाहीत, पण पास झाली. पेपर देऊन आली तेव्हा म्हणाली, "काका, एकही प्रश्न कोरा सोडला नाही." सत्काराच्या यादीत तिचे नाव नाही, माझ्या मनाच्या यादीत आहे.

पालकांना माझी एकच विनंती आहे. तुम्हाला बीजगणित येत नसले तरी चालेल. पोराजवळ बसा आणि "ताळा केलास का?" एवढे विचारा. आणि ज्या तरुणांना गणित येते, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ विहाराला द्यावी. आपण शिकलो ते कोणीतरी हात दिला म्हणून. ते देणे फेडण्याची हीच जागा आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!