बाहुबली नफ्यात होता का? चला, पट्टी लावून बघू

 

"सहाशे कोटी कमावले!" असं रील रोज दिसतं. आज एवढंच बघायचं, की कमावले म्हणजे नेमके कुणी?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पट्टीवर वरचा आकडा मोठा असतो. मग हमाली, तोलाई, गाडीभाडं जातं आणि हातात वेगळाच आकडा पडतो. त्यातून बी, खत, फवारणी वजा केली की मग कळतं पीक परवडलं का. सिनेमाचं डिट्टो तसंच. रीलमधला आकडा म्हणजे पट्टीचा वरचा आकडा, म्हणजेच ग्रॉस.

समजा तिकीट २३६ रुपयांचं. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये सरकारचे. उरले २००. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं, तेव्हा वाटणी ठरली: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यातसुद्धा तुमच्या २३६ मधले १०० रुपयेच सिनेमाच्या बाजूला गेले. चौथ्या आठवड्यात ६०.

आता 'बाहुबली' घ्या. पहिला भाग जुलै २०१५, दुसरा एप्रिल २०१७. पहिल्याचा खर्च साधारण १८० कोटी आणि जगभरातला गल्ला ६०० कोटींच्या वर सांगितला जातो. आपण लगेच वजाबाकी करतो: ४२० कोटी नफा! पण वरचा हिशोब लावला तर ६०० मधले जेमतेम अडीचशे कोटी सिनेमाकडे येतात. खर्च काढला की सत्तर. त्यातून जाहिरात, वितरकाचं कमिशन आणि कर्जाचं व्याज अजून जायचंय. हां, टीव्हीचे, गाण्यांचे हक्क विकून वेगळे पैसे येतात, ते मिळवायचे. हा अंदाजच आहे, पण ४२० पेक्षा खरा.

मग पहिला भाग कसाबसा निघाला म्हणायचं? थांबा. विहीर खोदली त्या वर्षीच्या एकट्या सोयाबीनवर तुम्ही विहिरीचा सगळा खर्च टाकता का? हैदराबादला उभारलेले सेट, काही शूटिंग, दोन्ही भागांसाठी होतं. आणि "कटप्पाने बाहुबलीला का मारलं?" या प्रश्नाने दोन वर्षं दुसऱ्या भागाची फुकट जाहिरात केली. दुसऱ्याचा खर्च साधारण २५० कोटी, गल्ला १७०० च्या वर. त्या कमाईत पहिल्याचा वाटा आहेच. म्हणून अशा जोडीचा हिशोब एकाच वहीत मांडायचा. तसा मांडला तर बाहुबली दणदणीत नफ्यात.

पण नफा कुणाचा, हे तरीही विचारायचं. एक गंमत सांगतो. १९४८ ला निजाम गेला, पण हिंदी सिनेमाच्या धंद्यात आपला मराठवाडा अजून 'निजाम' सर्किटमध्येच मोजतात! अशा एका सर्किटचे हक्क कुणी ठोक रक्कम आधीच मोजून घेतो. ती रक्कम जास्त मोजली आणि गल्ला कमी आला, तर देशभर सुपरहिट ठरलेला सिनेमा त्याच्यासाठी फ्लॉप. निर्माता मात्र तेव्हाच सुटलेला असतो.

उलटं उदाहरण आपल्या 'सैराट'चं, २०१६. साधारण चार कोटींत बनला आणि शंभर कोटींच्या घरात गेला. तिथे कुठलाही हिशोब लावा, नफाच. पण तो एक. तो दाखवून कुणी म्हणालं, "दादा, वावर विका, सिनेमात टाका, दुप्पट करून देतो," तर तीन प्रश्न विचारा. हा ग्रॉस की हातात पडणारा आकडा? व्याज आणि जाहिरात धरली का? आणि पैसे परत यायला लागले तर पहिला नंबर कुणाचा, शेवटचा कुणाचा?

तिसऱ्याचं उत्तर कागदावर मिळत नसेल, तर वावर राहू द्या. तिकीट काढा, सिनेमा बघा, शिट्ट्या मारा.

ग्रुपवर आकड्यांवरून भांडणारा एक मित्र असतोच, त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या वेळी!