नावाचा शब्द होतो तेव्हा



आयुष्यभर वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, म्हणून मला शब्दांवर बोलायला उभं केलंय. राजकारणात माणसाच्या नावाचा शब्द कसा होतो, तेवढंच सांगतो.

'आयाराम-गयाराम' आपण नेहमी ऐकतो. मूळ गृहस्थ गयालाल, हरियाणाचे आमदार. 1967 मध्ये त्यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. ते परतले तेव्हा राव बिरेंद्रसिंहांनी पत्रकारांना सांगितलं, की गयाराम आता आयाराम झालेत. झालं! 'लाल'चा 'राम' झाला, यमक जुळलं आणि शब्द देशभर गेला. 1985 मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला, पण शब्द काही निवृत्त झाला नाही.

बॉयकॉट हेही आडनावच. हे कॅप्टन आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचे कारभारी. 1880 मध्ये खंडाच्या वादात लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. मजूर शेतावर जाईनात, दुकानदार माल देईनात. वर्ष संपायच्या आत त्यांचं आडनाव क्रियापद म्हणून छापून येऊ लागलं. ते 1897 पर्यंत जगले, म्हणजे पुढची सतरा वर्षं! आपल्याकडे तुघलकी कारभार आहेच. आणि सूर्याजी पिसाळ म्हटलं की फितूर, पुढे काही सांगावं लागत नाही. त्या माणसाचं बाकीचं आयुष्य कोण विचारतो?

हे मला टोचतं, कारण असा एक शब्द मीही चिकटवलाय. नववीत आपला एक मित्र सकाळच्या 'अ' तुकडीतून दुपारच्या 'ब'मध्ये गेला आणि दिवाळीनंतर परत आला. तो दारात दिसताच मी ओरडलो, "गयाराम आला रे!" वर्ग हसला. दहावी होईपर्यंत त्याला दुसरं नाव उरलं नाही. एकदा तर हजेरी घेताना सरही चुकले!

गेल्या महिन्यात आमंत्रणासाठी त्याला फोन केला. मी नाव सांगताच म्हणाला, "हां, बोल. गयाराम बोलतोय." मग कळलं, तेव्हा त्याचे वडील आजारी होते. सकाळी तो दुधाचे रतीब घालायचा, म्हणून दुपारची शाळा. इतक्या वर्षांत आपण कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

आज तो आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. फोनवर माफी मागितली होती, पण हाक सगळ्या वर्गासमोर मारली होती. म्हणून इथे पुन्हा मागतो. जेवताना त्याला त्याच्या नावानं बोलवा.