प्राणिसंग्रहालयातील शिक्षक : एक वेगळी वाट
(सुवर्णमहोत्सवी युवक मेळाव्यात दिलेले भाषण)



तरुणांना एखाद्या अपरिचित व्यवसायाची ओळख करून द्यावी, अशी कार्यवाहांनी मला आज्ञा केली. डॉक्टर, इंजिनिअर, बँक आणि आमच्यासारखी केंद्र सरकारची चाकरी यांपलीकडे पाहणारी मुलेमुली आपल्या घरांतून आता दिसू लागली आहेत. त्यांच्यासाठी मी प्राणिसंग्रहालयातील शिक्षकाचे काम निवडले आहे.

प्राणिसंग्रहालयात शिक्षक कशाला, असे आपणांस वाटेल. गावाकडून पाहुणे आले की पुरी आणि कोणार्क यांच्याबरोबर आपण त्यांना भुवनेश्वरचे नंदनकाननही दाखवतो. तेथे सुसर काठावर बराच वेळ निश्चल पडलेली असते. पाहणाऱ्याला ती मेलेली वाटते आणि कोणी तिला हलवून पाहण्यासाठी खडा उचलतो. निषेधाची पाटी त्याला थोपवू शकत नाही. परंतु सुसरीला शरीराची ऊब उन्हातून मिळवावी लागते, तिचा निमुळता जबडा मासे पकडण्यासाठी घडलेला आहे, नराच्या नाकावरील घड्यासारख्या फुगवट्यामुळे हिंदीत तिला घड़ियाल म्हणतात, हे कोणी आपुलकीने सांगितले, तर तोच मनुष्य खडा टाकून प्रश्न विचारू लागतो. सुसरीची बंदिवासातील पैदास जगात प्रथम येथेच, १९८० साली यशस्वी झाली, हे ऐकून त्याला अभिमानही वाटतो. हा पालट घडवून आणणे हेच त्या शिक्षकाचे काम.

१९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने वन्यप्राण्यांविषयी प्रेक्षकांच्या मनात आस्था जागविणे हे प्राणिसंग्रहालयांचे एक उद्दिष्ट मानले. शाळांच्या सहलींना माहिती देणे, फलक लिहिणे, उन्हाळी शिबिरे भरविणे, ऑक्टोबरातील वन्यजीव सप्ताह साजरा करणे, अशी कामे त्यातून येतात.

या कार्यात सॅली वॉकर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. या अमेरिकन बाई योगाभ्यासासाठी म्हैसूरला आल्या आणि तेथील प्राणिसंग्रहालयात रमल्या. १९८१ साली त्यांनी त्या संग्रहालयाच्या मित्रांची संघटना उभारली आणि १९८५ साली प्राणिसंग्रहालयांच्या लोकशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढली. २०१९ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांची सुरुवात कोणत्याही नेमणुकीने झाली नव्हती, स्वयंसेवेने झाली होती.

आता नोकरीविषयी. जागा थोड्या असतात, हे प्रथमच सांगतो. आपल्या देशातील प्राणिसंग्रहालये कोठे राज्याच्या वनखात्याकडे, कोठे महानगरपालिकेकडे, तर दिल्लीचे केंद्र सरकारकडे आहे. त्यामुळे जाहिराती एका ठिकाणी येत नाहीत आणि पुष्कळ नेमणुका कंत्राटी असतात. प्राणिशास्त्र, वन्यजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र यांतील पदवी बहुधा मागतात. जोडीला अध्यापनाचे शिक्षण असल्यास उत्तम. जाहिरातीतील वयोमर्यादा आणि पात्रता शब्दशः वाचा. सरकारी छाननीत 'जवळपास पात्र' असा प्रकार नसतो. पदवीच्या वर्षांतच सुट्ट्यांत स्वयंसेवक म्हणून काम करा आणि त्याचा दाखला घ्या. एका प्राण्यावर दहा मिनिटांचे निवेदन तयार करा; तेच आठ वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आजोबांना, दोघांनाही कळले पाहिजे. मुलाखतीत 'मला प्राणी आवडतात' हे उत्तर पुरेसे नाही. माणसांशी बोलायला आवडते का, हा खरा प्रश्न आहे.

येथे आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे. घरी मराठी, अंगणात ओडिया, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, अशा चार भाषांत ती वाढतात. नागपूरहून आलेल्या आत्याला ओडिया फलक मराठीत समजावून देणारी मुलगी नकळत याच व्यवसायाची उमेदवारी करीत असते. परप्रांतातील वास्तव्यामुळे मुलांचे नुकसान झाले, अशी खंत आपण अनेकदा बोलून दाखवतो. या कामात तेच वास्तव्य त्यांच्या उपयोगी पडेल.

पालकांना एवढीच विनंती आहे. 'वाघसिंह दाखवून पोट भरते का?' हा प्रश्न मुलांना जरूर विचारा, कारण पगाराचा विचार केलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर देण्यासाठी त्यांना दोन वर्षे द्या. तेवढ्यात जागा मिळाली नाही, तरी शाळा आणि पर्यावरण-शिक्षणाच्या संस्था यांची दारे त्यांना उघडी राहतील.