इथेनॉलचे पेट्रोल आणि न दिसणारी काजळी



परवा उसाच्या फडावर एका बागायतदाराने विचारले, "साहेब, आमच्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत जातंय. मग धूर कमी झाला म्हणायचा का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र निम्मेच 'हो' आहे.

इंधन अर्धवट जळाले की काजळी होते. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो आणि पेट्रोलमधले काजळी धरणारे जड घटक त्यात नसतात. म्हणून इंजिन तापलेले असेल तर काजळी सहसा कमीच होते.

अडचण आहे ती गार इंजिनाची. काही नव्या पेट्रोल मोटारींत इंधनाचा फवारा थेट सिलिंडरमध्ये उडतो. त्याची वाफ व्हायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ मिळत नाही. (मोटारसायकलीत बहुधा तसे नसते, तिथे इंधन आधीच हवेत मिसळून आत जाते.) दवाखान्यात सुई टोचण्याआधी हाताला स्पिरिट लावतात, ते कसे गार लागते? अंगची उष्णता घेऊनच ते उडते. इथेनॉलचे तसेच. वाफ व्हायला त्याला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. पहाटेच्या गार इंजिनात ती कुठली? मग पिस्टनच्या माथ्यावर इंधनाचा ओला थर राहतो आणि गुऱ्हाळाच्या चुलवणात ओले चिपाड धुमसावे तसा धुमसतो.

'धूर तर दिसत नाही,' असे म्हणाल. यातले बहुतेक कण केसाच्या जाडीच्या पाचशेव्या हिश्श्याहून लहान असतात; फुप्फुसात खोलवर जातात. म्हणून तर एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ च्या नियमांत अशा मोटारींच्या कणांचे नुसते वजन नव्हे, संख्याही धरतात.

त्या बागायतदाराची मोटार बंद पडवीत, दमेकरी वडिलांच्या खाटेशेजारी उभी असते आणि पहाटे तिथेच दहा-दहा मिनिटे 'गरम' होते! मी ती आधी उघड्यावर लावायला सांगितली. बंद जागेत काजळीबरोबर विषारी वायूही कोंडतो, तो तर जिवावरच बेततो. गाडी अंगणात सुरू करा, अर्ध्या मिनिटात निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर बेताने चालवा. बाजाराच्या तीन खेपा असतील तर एकीत उरका. आणि सर्व्हिसिंग टाळू नका. नोझल तुंबले की फवारा कसा बिघडतो, हे फवारणी पंपावर तुम्ही पाहताच. गाडी जुनी असेल तर २० टक्क्यांचे पेट्रोल तिला चालते का, ते तिच्या पुस्तिकेत बघून घ्या.