मळसूत्राचा वेढा आणि खेळातली नौका

रायपूर शहराला लागून, उरला या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी वसलेल्या बीरगांवात मळसूत्र ही काही नवलाची वस्तू नव्हे. लेथवर आटे पाडणाऱ्या कारागिराच्या बोटांनाच ठाऊक असते की, एका फेऱ्यात नट किती पुढे सरकेल. रेडिओच्या लहरींवर हुकूम घेणाऱ्या खेळातल्या नौकेच्या पाठीमागे फिरणारा लहानसा पितळी पंखा हे त्याच आट्याचे धाकटे भावंड आहे. भेद एवढाच की, नटाला लोखंडाचा भक्कम आधार असतो. पंख्याला आधार पाण्याचा, आणि पाणी हातातून निसटणारे.

पंखा एका फेऱ्यात, पाणी मुळीच निसटले नाही असे धरल्यास, जितके अंतर पुढे जाईल त्याला त्याचा पिच म्हणतात. हा पिच पंख्यावर लिहिलेला नसला तरी मोजता येतो. चाळीस मिलिमीटर व्यासाचा पंखा घेतला, तर मध्यापासून चौदा मिलिमीटरवर, म्हणजे त्रिज्येच्या सात दशांशांवर, वर्तुळाचा घेर सुमारे ८८ मिलिमीटर भरतो. तेथे पाते सुमारे २४ अंशांनी कललेले असेल, तर एका फेऱ्यातील चढ ४० मिलिमीटर येतो. व्यास आणि पिच सारखेच असलेला हा पंखा झाला. शर्यतीच्या नौकांसाठी ऑक्ट्युरा या नावाने विकल्या जाणाऱ्या पंख्यांवर एक्स ४४० असा आकडा दिसतो. त्यातला पहिला ४ म्हणजे पिच व्यासाच्या १.४ पट, आणि पुढचे ४० म्हणजे व्यासाचे मिलिमीटर. अंकांतच सारी कुंडली मांडलेली असते. वाचणारा मात्र हवा.

पिच जास्त तर वेग जास्त, असा सरळ हिशेब नवशिक्या करतो. तो अर्धाच खरा. १८३७ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने आपल्या नौकेला दोन वेढ्यांचे लाकडी मळसूत्र लावले होते. कालव्यात ते कशावर तरी आपटून त्याचा निम्मा भाग तुटून पडला, आणि नौका थांबण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली. अधिक लांब पाते म्हणजे पाण्याशी अधिक घर्षण, हे त्या मोडतोडीने शिकवले. पुढे १८४५ साली ‘रॅटलर’ या मळसूत्री जहाजाने ‘अलेक्टो’ या चाकांच्या जहाजाला शेपटीकडून ओढीत नेले, तेव्हा वादाचा निकालच लागला.

खरा घात करतो तो व्यास. फेरे तेवढेच ठेवून, त्याच घडणीचा पंखा ३० मिलिमीटरऐवजी ३६ मिलिमीटरचा बसवला, तर त्याला फिरवण्यासाठी लागणारी शक्ती अडीच पट होते. कारण ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. सहा मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना न जाणवणारा फरक! मोटार तो ओढू पाहते, फेरे मंदावतात, विद्युत्प्रवाह वाढतो, तारांवरचे लाखेचे वेष्टण करपते. छत्तीसगडात गावागणिक तलाव आहेत, आणि नौका बंद पडते ती बहुधा तलावाच्या मध्यावरच. मग पोराचा जीव राहत नाही. पैसे साठवून घेतलेली वस्तू डोळ्यांदेखत तरंगत असते आणि तो कपडे काढून पाण्यात उतरतो. खाली जलपर्णीची मुळे व गाळ असतात. चुकीच्या पंख्याची किंमत मोटारीपुरतीच राहील असे नाही. नौका परत आणण्यासाठी काठावर लांब दोरी आणि चेंडूला बांधलेला गळ ठेवणे, हा म्हणूनच पंखा निवडण्याइतकाच गंभीर भाग आहे.

नौकेची जात कोणती, हा प्रश्न पंख्याच्या आधी विचारावा. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या नौकेला स्वतःचीच लाट अडवते. पाण्यातील लांबी ६४ सेंटिमीटर असलेल्या ओढबोटीची सोयीची मर्यादा सेकंदाला सुमारे एक मीटर. आता ७.४ व्होल्टच्या विद्युतघटावर, दर व्होल्टला १२०० फेरे देणारी मोटार घ्या: रिकामी असता ८,८८० फेरे, पाण्यात समजा ७,०००. ३० मिलिमीटर पिचचा पंखा तिला सेकंदाला साडेतीन मीटर पुढे नेऊ पाहील. नौका तेवढी धावणारच नाही. उरलेली शक्ती फेस आणि उष्णता होऊन जाईल. अशा नौकेला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा, तीन-चार पात्यांचा पंखा मंद फिरवावा. त्याकरिता कमी फेऱ्यांची मोटार किंवा दंतचक्रे लागतात. पाण्यावरून सरपटणाऱ्या हलक्या नौकेला उलट बारीक, दोन पात्यांचा, जास्त पिचचा पंखा शोभतो.

निवड झाली तरी काठावरची परीक्षा चुकवू नये. नौका दोरीने खुंटीला बांधून अर्धा मिनिट पूर्ण जोरात चालवावी. जागच्या जागी सारे पाणी निसटत असल्यामुळे मोटारीवर भार तेव्हा सर्वाधिक असतो. प्रवाहमापक मोटारीच्या आणि नियंत्रकाच्या मर्यादेबाहेर गेला, तर व्यास दोन मिलिमीटरने घटवावा. मापात राहिला आणि मोटारीवर बोट ठेवता आले, तरच पुढचा मोठा पंखा लावून पाहावा. त्या वेळी पंख्याची टोके नौकेच्या तळाला चिकटून फिरणार नाहीत, मध्ये व्यासाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतकी फट राहील, एवढे पाहावे. ती नसली तर नौका थरथरते आणि पंख्याजवळच्या दांड्याची बुशिंग लवकर झिजते.